देवळामागचा वीरगळ कसा वाचायचा

एसटीत कंडक्टर होतो तेव्हा मुक्कामी गाडीची ड्यूटी लागली की बाकीचे कपाळाला हात लावायचे. मी खूश. उतरतं ऊन आणि सकाळचं पहिलं ऊन, दोन्ही गावातच मिळायची. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, पाहायची वेळ हीच. भर दुपारी त्याच दगडावर काही म्हणजे काही दिसत नाही.

आधी दगड सापडायला हवा. "इथे जुनं शिल्प आहे का?" विचारलंत तर लोक नवं सिमेंटचं देऊळ दाखवतात. "चित्रं काढलेले, शेंदूर फासलेले दगड कुठे आहेत?" असं विचारा. मारुतीच्या मागे, वेशीजवळ, पिंपळाच्या पाराला टेकून उभे असतात. एक तर मी ओढ्यावर धुणं आपटायला पालथा घातलेला पाहिलाय.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. तिथे गाई कोरलेल्या असल्या, तर गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो गेला असं समजा. त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि वरती तो शिवपिंडीपुढे हात जोडून. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहो. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ही मारणारी गलबतं आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांची १२६५ च्या सुमाराची समुद्रावरची लढाई ती, असं अभ्यासक मानतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला नुसता हात दिसला तर तो सतीचा दगड.

ऊन नसेल तर बॅटरी. पण समोरून नाही. बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपी धरायची. एका मुक्कामाला तळच्या चौकटीत मला नुसते चार उंचवटे दिसत होते. ड्रायव्हरला डावीकडून बॅटरी धरायला लावली. शिंगं उमटली, मग वशिंडं, मग एकीच्या पोटाशी वासरू. ड्रायव्हर ओरडला, "मास्तर, हे तर पितंय!"

खडू मात्र लावू नका. मी एकदा झिजलेली अक्षरं खडूने भरली. फोटो झकास आला, पण ज्या जाणकाराला दाखवला त्याने तो परत दिला. म्हणाला, "हे दगडावरचं नाही, तुमच्या मनातलं आहे." चुना, तेल, तारेचा ब्रश हेही नको. शेंदूर खरवडायला गेलात तर गाव बदडेल, आणि बरोबरच करेल. धूळ असली तर ओलं फडकं पुरतं.

मधे लेख आणि खाली गाढव नि बाई असा दगड दिसला तर तो गधेगाळ. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याच्या आईला दिलेली शिवी आहे ती, तेव्हा चौकशी चारचौघांत, आयाबायांसमोर करू नये. अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख असाच आहे. त्यावरचा शक ९३४ असा वाचला गेलाय, म्हणजे इ.स. १०१२, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९.

फोटोत शेजारी पट्टी ठेवा. दगड देवळापासून किती पावलांवर, तोंड कुठल्या दिशेला, हे तिथेच लिहून घ्या. गाडीत बसल्यावर आठवत नाही. अक्षरं असतील तर पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला कळवा. दगड जागचा हलवायचा नाही.

आणि वाहिलेली फुलं, नारळ होते तसेच परत ठेवायचे. एका गावी मी घाईत नारळ उलट्या बाजूला ठेवला. पुढच्या फेरीला तिथली एक म्हातारी गाडीत चढली, ती तिचं हाफ तिकीट फाडून झालं तरी बोलतच होती.