लेथ मशीन पाईपवर सरकवताना पाय कसे वाचवायचे

दीड-दोन टनांचं लेथ सरळ सरकत असतं तेव्हा सगळे सावध असतात. पाय सापडतो तो मशीन जागेवर आल्यावर, खालचा पाईप काढून ते जमिनीवर टेकवताना. टेकूचा लाकडी ठोकळा जरा तिरका दिसतो आणि कुणीतरी तो बुटाच्या टोकाने आत सारतं. मशीनखाली हात किंवा पाय घालायचाच नाही. ठोकळा सारायला काठी किंवा लांब पट्टी वापरा.

आधी वाटेतली बर (धातूचा कीस) आणि तेल साफ करा, गटाराचं झाकण वजन पेलेल का ते बघा. हेडस्टॉककडे, म्हणजे गिअर असलेल्या डोक्याच्या बाजूला, वजन जास्त असतं, म्हणून कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक (जॉबला दुसरीकडून आधार देणारा भाग) दुसऱ्या टोकाला नेऊन लॉक करा. जॉब पकडणारा चक उतरवून ठेवा.

एका वेळी एकच टोक उचला. टो-जॅक (जमिनीलगतच्या पट्टीने वजन उचलणारा जॅक) साधारण इंचभर वर गेला की लगेच सागवानी किंवा बाभळीचा ठोकळा सारा, मग पुढचा इंच. नुसत्या जॅकवर मशीन कधीच ठेवू नका: जॅकचं सील गळलं की मशीन खाली बसतं. विटा तर नकोतच, त्या न सांगता फुटतात. उतरवतानाही हाच क्रम, उलटा.

पाईप जाड आणि एकाच व्यासाचे घ्या. मशीनखाली कायम किमान तीन हवेत. मागचा पाईप पूर्ण मोकळा झाल्यावरच उचलायचा आणि मशीन थांबलेलं असतानाच पुढे ठेवायचा. पाईप तिरका गेला तर हातोडीने ठोका, पायाने नाही. उतारावर हा प्रकार करूच नका. पहार मारणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. हुकूम एकाच माणसाचा, पण ‘थांबा’ कुणीही म्हणू शकतो.

आयएस १५२९८ या भारतीय मानकाचे सेफ्टी शूज २०० जूलचा आघात सोसतात, म्हणजे २० किलो वजन सुमारे एक मीटरवरून पडलं तर तेवढा. तोही फक्त बोटांवर. पायाच्या वरच्या भागासाठी मेटाटार्सल गार्ड लागतो. एकदा मार बसलेला बूट टाकून द्या.

पाय सापडलाच तर ओढू नका, जॅकने मशीन उचला. बुटाच्या टोकातली कडक टोपी बोटांत रुतली असेल तर बूट तसाच ठेवून दवाखाना गाठा. नाहीतर नाडी कापून बूट काढा, पाय उंच ठेवा, फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं लावा. जखम उघडी असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. एक्स-रे त्याच दिवशी काढा. ठणका वाढत गेला, पाऊल ताठ सुजलं किंवा बोटं बधिर, गार पडली तर क्षणभरही थांबू नका.