मंडळाच्या क्विझमध्ये गोलीवर प्रश्न कसे काढावेत

आईला डोंबिवलीला फोनवर सांगितलं होतं, ‘तुझा नातू गोली झालाय.’ ती म्हणाली, ‘कसली गोळी? डॉक्टरांना विचारलंस का?’ इथे कॅनडात आइस हॉकीच्या गोलकीपरला सगळे गोलीच म्हणतात. मुलगा पाच वर्षं आमच्या गल्लीजवळच्या रिंकवर गोलमध्ये उभा राहिला आणि मी पाच वर्षं त्याचे पॅड गॅरेजमध्ये वाळवले. तो वास ज्याने घेतलाय त्याला अजून काही सांगायला नको. मुलाने पुढे खेळ सोडला. मला मात्र गोलींचा नाद लागला तो लागलाच. मी पेशाने अकाउंटंट, नोंदी ठेवायची खोड आहे, म्हणून आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमातली क्विझ सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. दुसऱ्या एका मंडळातल्या ताईंनी ‘आमच्यासाठी पण काढून द्या’ म्हटलं. काढून नाही देत, पण कसे काढते ते लिहिते.

आधी विषयाबद्दल. हॉकीवर सरसकट प्रश्न काढू नका. हॉलमधल्या निम्म्या लोकांना ऑफसाइड कळत नाही, उरलेल्यांना कळतो असं वाटतं. गोलीचं काम मात्र भारतातून काल आलेल्या सासूबाईंनाही कळतं: पक आत जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला टेबलावर खरा पक फिरवा. तीन इंच व्यासाचा, एक इंच जाड, कडक रबराचा, आणि सामन्याआधी तो गोठवून ठेवतात म्हणजे उसळत नाही. हातात घेतला की लोक गप्प होतात. मग सांगा की आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. आमच्याकडचे काका लोक लगेच मैदानी हॉकी काढतात, त्यांच्यासाठी पहिला सोपा प्रश्न हाच ठेवा: श्रीजेश ज्या गोलसमोर उभा राहून टोकियो आणि पॅरिसला ब्राँझ घेऊन आला तो केवढा? बारा फूट बाय सात. म्हणजे चौरस फुटांत साडेतीनपट. काकांची कॉलर ताठ होते, आणि पुढचा अर्धा तास ते भांडत नाहीत.

आता टाकून द्यायचे प्रश्न. ‘आजवर किती गोलींनी गोल मारलेत?’ हा प्रश्न मी एकदा काढला होता, परत काढणार नाही. हा आकडा दर एकदोन वर्षांनी बदलतो. तुम्ही डिसेंबरात कागद छापाल आणि जानेवारीत कोणीतरी रिकाम्या नेटमध्ये पक टाकून मोकळा होईल. ‘सर्वांत जास्त विजयांत दुसरा कोण’ हेही तसंच. वर्षानुवर्षं उत्तर पॅट्रिक रॉय होतं, 551. जानेवारी 2024 मध्ये मार्क-आंद्रे फ्लुरी त्याच्या पुढे गेला आणि 575 वर थांबला. जुन्या पुस्तकातून प्रश्न उचलणाऱ्यांची इथेच फजिती होते. पहिल्या नंबरावर मार्टिन ब्रोडूर, 691. हा आकडा लवकर हलणार नाही, तो बिनधास्त विचारा.

पण खरा सापळा ‘पहिला’ या शब्दात आहे. माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्याच वर्षी मी विचारलं, ‘मुखवटा घालून खेळणारा पहिला गोली कोण?’ कार्डावर उत्तर होतं जाक प्लांट. मागच्या टेबलावरचे एक निवृत्त काका उठले, म्हणाले, ‘क्लिंट बेनेडिक्ट, 1930, मॉण्ट्रियल मरून्स. नाक मोडल्यावर चामड्याचा मुखवटा घातला होता त्याने.’ काका बरोबर होते. त्याच्याही आधी, 1927 मध्ये, क्वीन्स विद्यापीठाच्या महिला संघाची गोली एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीचा मुखवटा घालून खेळली होती. मी दोघांना गुण दिले आणि रात्री घरी येऊन ती कार्डं नव्याने लिहिली.

आता मी तो प्रश्न असा वाचते: ‘1 नोव्हेंबर 1959. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अँडी बाथगेटचा फटका मॉण्ट्रियलच्या गोलीच्या तोंडावर बसला. तो आत गेला, टाके घालून घेतले, आणि म्हणाला मुखवट्याशिवाय परत बर्फावर येणार नाही. प्रशिक्षक टो ब्लेकला हे मुळीच पसंत नव्हतं, पण संघाकडे दुसरा गोली नव्हता. मॉण्ट्रियल 3-1 ने जिंकलं आणि तेव्हापासून मुखवटा रुळला. गोली कोण?’ इथे ‘पहिला’ हा शब्दच नाही, म्हणून वादही नाही. आणि ज्याला उत्तर येत नाही त्यालाही ऐकून काहीतरी मिळालं. आमच्याकडे बायकांच्या टेबलांसाठी मी याच माणसावर एक जोडप्रश्न ठेवते: हा फावल्या वेळात काय करायचा? उत्तर, विणकाम. लोकरीच्या टोप्या स्वतः विणायचा. हे उत्तर कोणाला येत नाही, पण ऐकल्यावर हॉलमध्ये जो आनंद होतो तो बघायला मी दरवर्षी उभी असते.

‘पहिला’ जसा धोक्याचा, तसा ‘शेवटचा’ बराच भरवशाचा. मुखवट्याशिवाय एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेला शेवटचा गोली अँडी ब्राऊन, पिट्सबर्ग, एप्रिल 1974. आता उघड्या तोंडाने कोणाला उतरूच देणार नाहीत, त्यामुळे हे उत्तर कायमचं.

क्रियापदाकडेही लक्ष द्या, मी शाळेत व्याकरणात जेमतेम पास झाले होते तरी सांगते. एनएचएलमध्ये ‘गोल मारणारा पहिला गोली’ आणि ‘ज्याच्या नावावर गोल लागला तो पहिला गोली’ ही दोन वेगळी माणसं आहेत. 28 नोव्हेंबर 1979 ला कोलोरॅडो रॉकीजने आपला गोली बाहेर बोलावून जादा खेळाडू उतरवला होता. त्यांच्याच रॉब रॅमेजने मागे पास दिला, तो कोणाला लागला नाही, आणि पक घरंगळत अख्खं मैदान ओलांडून त्यांच्याच रिकाम्या गोलमध्ये गेला. समोरच्या न्यूयॉर्क आयलंडर्सपैकी पकला शेवटचा स्पर्श गोली बिली स्मिथचा होता, म्हणून गोल त्याच्या नावावर. बिचाऱ्याने काठी उगारलीसुद्धा नव्हती. नेम धरून, फटका मारून गोल केला तो फिलाडेल्फियाच्या रॉन हेक्स्टॉलने, 8 डिसेंबर 1987, बोस्टनविरुद्ध. दोन्ही प्रश्न लागोपाठ विचारा, आणि ‘नावावर’च्या प्रश्नाला हेक्स्टॉल म्हणणाऱ्या टेबलाचा चेहरा बघा.

अवघड माणसांसाठी मी उतरती पायरी वापरते. पाच गुणांचा इशारा, मग तीनचा, मग एकचा. ज्याला जितक्या लवकर सुचेल तितके गुण. केन ड्रायडन यासाठी अगदी मापाचा आहे. पाच गुण: हा ऐन भरात असताना 1973-74 चा हंगाम खेळलाच नाही, टोरोंटोत वकिलीची उमेदवारी करत बसला. तीन गुण: 1971 मध्ये स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, सामन्यांत सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सर्वोत्तम नवोदिताचं बक्षीस त्याला त्यानंतरच्या वर्षी मिळालं. आधी जावई आणि मग साखरपुडा, असं मी म्हणते. एक गुण: 2004 मध्ये टोरोंटोतून खासदार झाला, मग केंद्रात मंत्री. शेवटच्या इशाऱ्याला ज्यांनी हॉकी कधी पाहिली नाही तेही हात वर करतात, कारण नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तेव्हा मंत्र्यांची नावं पाठ केली होती. सप्टेंबर 2025 मध्ये ते गेले. कार्डावर आता मी ‘होते’ लिहिलंय.

नियमामागे माणूस असेल तर तो प्रश्न सोन्याचा. ‘गोली कर्णधार का होऊ शकत नाही?’ मॉण्ट्रियलचा बिल डरनन कर्णधार होता आणि पंचांशी वाद घालायला सारखा गोल सोडून पुढे जायचा. खेळ थांबायचा, त्याच्या संघाला आयती विश्रांती. बाकीच्यांनी तक्रार केली आणि 1948 च्या हंगामानंतर गोलीकडून ते काम काढून घेतलं गेलं. हाच डरनन दोन्ही हातांनी सारखाच पक्का होता, दोन्ही हातांत पकडता येईल असे ग्लव्ह घालून काठी इकडची तिकडे करायचा. साठ वर्षांनी व्हँकूव्हरने रॉबर्टो लुआँगोला कर्णधार केलं. जर्सीवर कर्णधाराचा ‘सी’ लावायला बंदी, मग तो त्याने मुखवट्यावर रंगवून घेतला. नियमातून वाट कशी काढायची हे आमच्या टॅक्सच्या धंद्यात रोज बघते, त्यामुळे मला हा प्रश्न जरा जास्तच आवडतो.

माझा स्वतःचा लाडका प्रश्न अर्थात स्कॉट फॉस्टर. 29 मार्च 2018, शिकागो. दोन्ही गोली जायबंदी, आणि अशा वेळेसाठी बसवून ठेवलेला छत्तीस वर्षांचा अकाउंटंट शेवटची चौदा मिनिटं गोलमध्ये. सात फटके, सातही अडवले. मार्च महिन्यात अकाउंटंट रात्री ऑफिसबाहेर होता, हेच मला जास्त आश्चर्याचं वाटतं. पुढे 22 फेब्रुवारी 2020 ला आमच्या टोरोंटोत डेव्हिड एअर्स. बेचाळीस वर्षांचा, झांबोनी (रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करायची गाडी) चालवलेला माणूस, आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा, पाहुण्या कॅरोलायनाच्या बाजूने आमच्याच लीफ्सविरुद्ध उतरला. पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठही त्याने अडवले, आणि आपण 6-3 ने हरलो. हा प्रश्न टोरोंटोत विचारताना आवाज खाली ठेवा. जोडीला 1928 चा लेस्टर पॅट्रिक ठेवता येतो: स्टॅनले कपची अंतिम फेरी, न्यूयॉर्कच्या गोलीच्या डोळ्याला पक लागला, प्रेक्षकांत बसलेला ऑटावाचा गोली वापरायला समोरच्या मरून्सने नकार दिला, तेव्हा 44 वर्षांचे प्रशिक्षक स्वतः पॅड बांधून उतरले आणि संघ जिंकला.

मुलींच्या टेबलासाठी मॅनॉन रेओम. 1992 मध्ये पुरुषांच्या टॅम्पा बे संघाकडून सरावाच्या सामन्यात एक सत्र खेळली. इथे ‘सराव सामना’ हे शब्द गाळू नका, गाळलेत की उत्तर चुकतं.

एक प्रश्न जेवणानंतरच विचारा. ग्लेन हॉल लागोपाठ 502 सामने खेळला, तेही मुखवट्याशिवाय, आणि सामन्याआधी न चुकता काय करायचा? उलटी. मी एकदा गुळाची पोळी वाढून झाल्यावर विचारलं होतं. पॅट्रिक रॉय गोलच्या खांबांशी बोलायचा, तो प्रश्न कधीही चालतो.

शेवटी बरोबरी झाली तर आकड्याचा प्रश्न हवा, जवळचा अंदाज जिंकतो. मी वापरते तो असा: 1928-29 मध्ये मॉण्ट्रियलचा जॉर्ज हेन्सवर्थ 44 सामने खेळला, त्यांतल्या किती सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही? लोक पाच म्हणतात, सात म्हणतात, कोणी फार धीर करून बारा म्हणतं. उत्तर 22. बरोबर निम्मे. अंदाज चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी घेतलेत तर मागचा पुढच्यापेक्षा एकने वाढवतो.

उत्तरांच्या कार्डावर तारीख आणि प्रतिस्पर्धी संघ दोन्ही लिहा, म्हणजे माझ्या त्या काकांसारखं कोणी उठलं तर फोन काढत बसावं लागत नाही. त्या काकांना मी दुसऱ्या वर्षीपासून परीक्षक केलंय. आणि पक पहिल्या फेरीनंतर लगेच परत घ्या. माझे दोन तिळगुळाच्या डब्यांबरोबर कोणाच्या तरी घरी गेलेत.