रांजणाचे कारंजे : अंगणातले वाहते पाणी, कमी खर्चात

अंगणात किंवा घरामागच्या मोकळ्या जागेत वाहते पाणी असावे असे वाटणाऱ्यांसाठी बाजारात तयार कारंजी मिळतात. परंतु ती बहुधा फायबरची असतात, महाग असतात आणि उन्हाने त्यांचा रंग लवकर विटतो. कुंभाराकडचा एक रांजण, जमिनीत पुरलेला प्लास्टिकचा टब, कूलरमध्ये बसवतात तसा छोटा पंप आणि नदीचे गोटे एवढ्या सामानात त्याहून देखणे काम होते. रांजण काठोकाठ भरतो, पाणी त्याच्या अंगावरून ओघळते, खालच्या गोट्यांमध्ये झिरपून टबात जमा होते आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. पाण्याचा उघडा पृष्ठभाग खाली कुठेच राहत नसल्यामुळे, घरात रांगते मूल असेल तर उघड्या हौदापेक्षा ही रचना कितीतरी सुरक्षित ठरते. विजेचे काम सोडले तर हा सगळा खर्च साधारणपणे तीन हजार रुपयांच्या आसपास बसतो. गावागणिक त्यात थोडाफार फरक पडेल.

पैसा जेथे खर्च करायचा तेथे तो हात न आखडता करावा, आणि माझ्या मते ती जागा म्हणजे विजेची सुरक्षा आणि रांजणाची घडण. गोटे, दिवे, शोभेच्या मूर्ती या गोष्टी नंतरही आणता येतात.

जागा निवडताना पाण्याचा आवाज जेथे बसून ऐकायचा, तेथून ती फार लांब नसावी. गुलमोहर, चिंच, शेवगा अशा बारीक पानांच्या झाडाखाली कारंजे ठेवू नये, कारण ती पाने गोट्यांतून आत जाऊन पंपाच्या तोंडाशी साचतात. दुपारनंतर सावली येणारी जागा उत्तम, कारण तेथे शेवाळ कमी धरते आणि पाणीही कमी उडते. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक खाली जाते, आणि ओल्या रांजणावरून होणारे बाष्पीभवन त्यात आणखी भर घालते. म्हणून उन्हाळ्यात दररोज पाण्याची भर घालावी लागेल, हे आधीच गृहीत धरावे.

टब साधारण 60 सेंटीमीटर व्यासाचा आणि 30 सेंटीमीटर खोल असला तर त्यात सुमारे 85 लिटर पाणी मावते, आणि एवढे पुरेसे आहे. खड्डा टबापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त खोल खणून तळाशी पाच सेंटीमीटर जाडीचा वाळूचा थर द्यावा, टब समपातळीत बसवावा आणि त्याची कड जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर राहू द्यावी, म्हणजे पावसात आजूबाजूचा गाळ आत वाहून येणार नाही. काळ्या मातीच्या भागात सिमेंटचा हौद बांधण्याचा मोह टाळावा. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर हौदालाही तडे जातात. तेथे प्लास्टिकचा टब आणि त्याच्याभोवती मुरमाची भर हाच टिकाऊ उपाय आहे. कोकणात जांभा खणणे जिकिरीचे असेल तर टब जमिनीवरच ठेवून त्याच्याभोवती जांभ्याच्या चिऱ्यांचे कडे रचावे. ते दिसतेही छान.

आता रांजण. तो विकत घेताना बोटाने टिचकी मारून पाहावा; खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली आहे आणि आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे असे समजावे. तळाला छिद्र पाडण्यापूर्वी रांजण रात्रभर पाण्यात भिजवावा. मग तो जुन्या गोणपाटावर उपडा ठेवून, तळाच्या मध्यभागी चिकटपट्टी लावून, ड्रिल मशीनला भिंतीत छिद्रे पाडण्याचे बिट बसवावे आणि मशीनचा ठोके देणारा खटका बंद करून अगदी सावकाश छिद्र पाडावे. आधी बारीक बिटाने सुरुवात करून छिद्र हळूहळू मोठे करावे. जोर दिला की तळ फुटतो. या छिद्रात अर्ध्या इंचाचा टँक निपल (टाकीला पाइप जोडण्याचा आट्यांचा तुकडा) दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर लावून आवळावा आणि सांधा एम-सीलने भरून घ्यावा. मातीचा रांजण पाझरतो, म्हणून तो पूर्ण वाळल्यावर आतून सिमेंट आणि वॉटरप्रूफिंग द्रावण यांच्या पातळ मिश्रणाचे दोन हात द्यावेत. ओल्या सिमेंटमधला चुना काही दिवस पाण्यात उतरत राहतो. म्हणून रांजण भरून, दोन दिवसांनी ओतून, पुन्हा भरावा आणि असे काही वेळा केल्यावरच त्यातले पाणी पक्ष्यांसाठी मोकळे ठेवावे.

निपलमधून रांजणाच्या आत उभा पाइप बसवायचा आणि त्याचे तोंड काठापासून फक्त चार-पाच सेंटीमीटर खाली ठेवायचे. पाइप तळाशीच संपवला तर पंप बंद पडताच रांजणातले सगळे पाणी त्याच वाटेने उलटे टबात उतरते आणि टब भरून वाहतो. तोंड वर असले की त्याच्या पातळीवरचे थोडेसे पाणीच परत येते. ही साधी गोष्ट अनेक आराखड्यांत सुटलेली दिसते.

भरलेला मध्यम रांजण 40 किलोच्या वर सहज जातो, तेव्हा त्याचा भार जाळीवर मुळीच टाकू नये. टबाच्या तळावर विटांचा किंवा सिमेंट ब्लॉकचा पक्का चौथरा रचून, मध्ये पाइपसाठी पोकळी सोडून, त्यावर रांजण ठेवावा. मग टबावर जस्ताचा मुलामा असलेली वेल्डमेश जाळी अंथरावी; ती कडेच्या बाहेर निदान 15 सेंटीमीटर यावी. तिच्या एका कोपऱ्यात हात जाईल एवढी झडप कापून ठेवावी, नाहीतर पंप काढायच्या वेळी सगळे गोटे उपसावे लागतील. जाळीवर डास न शिरतील अशी बारीक नायलॉनची जाळी आणि तिच्यावर चार ते सहा सेंटीमीटरचे धुतलेले गोटे पसरावेत.

पंपाच्या लेबलवर ‘एच मॅक्स’ म्हणून उंची दिलेली असते, उदाहरणार्थ 1.8 मीटर. त्या उंचीला पंप पाणी चढवेल असा तिचा अर्थ लावला जातो; प्रत्यक्षात त्या उंचीला प्रवाह शून्य होतो. म्हणून पाणी जेवढे चढवायचे आहे त्याच्या दुपटीहून कमी ‘एच मॅक्स’ असलेला पंप घेऊ नये. रांजणाचा काठ टबातल्या पाण्यापासून 80 सेंटीमीटर वर असेल तर 1.8 मीटरचा पंप ठीक चालतो. असा 18 वॉटचा पंप 250 ते 400 रुपयांच्या दरम्यान मिळतो आणि रोज आठ तास चालवला तरी महिन्याला साडेचार युनिटपेक्षा कमी वीज खातो. तो कोरडा चालला की जळतो, म्हणून टबातली पातळी रोज पाहावी. पंप जाळीच्या छोट्या टोपलीत ठेवून तिच्याभोवती नायलॉनचे कापड गुंडाळले तर गाळ आत शिरत नाही.

या पंपाची जोडणी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय, करू नये, मग काम कितीही लहान असो. सॉकेट पावसापासून झाकलेला आणि जमिनीपासून उंच असावा. वायर सॉकेटच्या खाली थोडी लोंबती सोडून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोहोचता खालीच ठिबकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा.

पंप सुरू केल्यावर पाणी रांजणाच्या एकाच बाजूने वाहताना दिसेल, कारण कुंभाराच्या हातचा काठ तंतोतंत सपाट नसतो. आधी चौथऱ्यावर पातळ पाचरी सरकवून रांजण सरळ करावा. तरीही फरक राहिला तर उंच बाजू कानशीने हलकेच घासावी. काम वेळखाऊ आहे, पण सगळ्या काठावरून एकसारखा पडदा उतरू लागला की रांजणाच्या भाजलेल्या मातीचा रंग गडद होतो, त्यावरच्या चाकाच्या रेषा उठून दिसतात आणि ही मेहनत कशासाठी केली ते कळते. रांजणाभोवती आर्द्रता राहते, तेथे वेखंड किंवा नेचे लावावे. जलपर्णी मात्र कोणी फुकट दिली तरी आणू नये. ती बाहेरच्या ओढ्या-नाल्यांत गेली की आवरत नाही.

डासांविषयी गाफील राहून चालत नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य विभाग सांगतो ते याच हिशेबाने. कारंजे रोज काही तास चालवावे आणि आठवड्यातून एकदा रांजण रिकामा करून आतून ब्रशने घासावा, कारण ही अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. गावाला जाताना रांजण रिकामा करून त्यावर झाकण ठेवावे. पावसाळ्यात मात्र पुरलेला टब रिकामा ठेवू नये. भोवतालची जमीन पाण्याने भरली की रिकामा टब वर उचलला जातो. तेव्हा तो भरलेला ठेवून नायलॉनची जाळी कुठे फाटलेली नाही ना, हे पाहावे.

बोअरवेलचे जड पाणी असेल तर रांजणावर पांढरे पापुद्रे धरतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके त्यावर अर्धा तास गुंडाळून ठेवल्यावर ते निघतात. पंपाचा आवाज वाढला किंवा धार बारीक झाली तर नवा पंप आणण्यापूर्वी त्याचे पुढचे झाकण उघडून आतला पंखा काढावा आणि जुन्या टूथब्रशने घासावा. बहुतेक वेळा तेथे केस, शेवाळ आणि क्षार अडकलेले असतात, आणि ते निघाले की धार पुन्हा पहिल्यासारखी येते.