इंग्रजीत ‘निसर्ग’ लिहिताना कोणता शब्द कुठे वापरावा

होमस्टेची माहिती असो, निसर्गवाटेवरचा फलक असो की शाळेचा निबंध, मराठीत ‘निसर्ग’ सगळीकडे खपून जातो. इंग्रजीतला ‘नेचर’ तसा खपत नाही. म्हणून आधी मराठी वाक्य घ्या, त्यातला ‘निसर्ग’ खोडा आणि तिथे नेमकं काय म्हणायचंय ते मराठीतच लिहा: डोळ्यांपुढचा देखावा, झाडं आणि प्राणी, हवा-पाणी, की एखाद्या गोष्टीचा स्वभाव? इंग्रजी शब्द त्यानंतर शोधायचा.

देखावा असेल तर ‘सीनरी’ किंवा ‘लँडस्केप’. ‘सीनरी’चं अनेकवचन करू नका, ‘ब्यूटिफुल सीनरीज’ ही हमखास होणारी चूक आहे. ‘लँडस्केप’चं मात्र अनेकवचन होतं. हा शब्द डच चित्रकारांकडून इंग्रजीत आला, म्हणून एका नजरेत मावणाऱ्या भूभागाला तो शोभतो, अंगणातल्या जास्वंदीला नाही. प्राण्यांसाठी ‘वाइल्डलाइफ’, त्याचंही अनेकवचन नाही. हवा, पाणी, माती आणि त्यांच्यावर होणारा माणसाचा परिणाम सांगायचा तर ‘एन्व्हायर्नमेंट’. ‘इकॉलॉजी’ शोभेसाठी वापरू नये. १८६६ मध्ये हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने घर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला. सजीवांचे एकमेकांशी आणि परिसराशी असलेले संबंध हा त्याचा विषय. ‘आमच्या गावाची इकॉलॉजी सुंदर आहे’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

‘नेचर’ची खरी अडचण ‘द’ची. रान-डोंगर या अर्थी तो ‘द’शिवाय येतो: ‘आय लव्ह नेचर’. त्याच्यापुढे ‘ऑफ’ आला की अर्थ बदलून ‘स्वरूप’ होतो आणि ‘द’ लागतो: ‘द नेचर ऑफ द सॉइल’, म्हणजे मातीचं स्वरूप. ‘द नेचर ट्रेल’मधला ‘द’ वाटेचा आहे, निसर्गाचा नव्हे. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ ‘जन्मणे’ या क्रियापदात आहे, म्हणूनच ‘बाय नेचर’चा अर्थ ‘जन्मजात स्वभावाने’ असा होतो. आणखी एक, जरा अवघड जागेचं: निसर्गाचा अभ्यासक तो ‘नॅचरलिस्ट’. ‘नेचरिस्ट’ म्हणजे विवस्त्र राहण्याचा पुरस्कर्ता. गाइडच्या ओळखपत्रावर छापण्याआधी स्पेलिंग दोनदा वाचा.

सर्वात जास्त घोळ जंगलाचा. ‘जंगल’ आपल्याकडूनच इंग्रजीत गेला, पण वाटेत अर्थ बदलला. संस्कृतातला ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश. इंग्रजीतला ‘जंगल’ म्हणजे पाय ठेवायला जागा नसलेलं दमट, गचपण रान. ताडोबाच्या पानझडी रानाला म्हणून ‘ड्राय डेसिड्युअस फॉरेस्ट’ म्हणावं. जाहिरातीत ‘जंगल सफारी’ चालेल, माहितीफलकावर नको. देवराईला ‘सेक्रेड ग्रोव्ह’ म्हणा आणि शेजारी ‘देवराई’ हा शब्दही ठेवा, कारण ‘ग्रोव्ह’मधून फक्त झाडांचा लहान समूह कळतो, देवाच्या धाकाने न तोडलेलं रान कळत नाही. कास हे पठार आहे, म्हणून ‘प्लॅटो’. त्याला ‘व्हॅली’ म्हटलं की पर्यटक दरी शोधत बसतो. खाडीला ‘क्रीक’ म्हणतात, पण अमेरिकी वाचकाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने ओढा येतो. ‘टायडल क्रीक’ लिहिलं की भरती-ओहोटीचं पाणी समजतं.

झाडा-प्राण्यांच्या मूळ ठिकाणाबद्दल चार शब्द आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ‘नेटिव्ह’ म्हणजे इथलं, पण इतरत्रही असू शकतं. ‘एन्डेमिक’ म्हणजे तिथेच, जगात दुसरीकडे नाही. म्हणून त्याच्यापुढे ‘टू’ आणि प्रदेशाचं नाव हवंच, आणि प्रदेश तपासूनच लिहावा: शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी असला तरी तो ‘एन्डेमिक टू इंडिया’ आहे, ‘टू महाराष्ट्रा’ नव्हे. ‘एक्झॉटिक’ला पर्यटनाच्या भाषेत मोहक अर्थ आहे, वनस्पतिशास्त्रात मात्र तो बाहेरून आणलेल्या झाडाला लावतात, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी. बाहेरून येऊन हातपाय पसरणारी आणि इथल्या झाडांची जागा बळकावणारी ती ‘इन्व्हेसिव्ह’: अमेरिका खंडातून आलेली घाणेरी. प्रत्येक एक्झॉटिक झाड इन्व्हेसिव्ह नसतं, त्यामुळे फलकावर दोन्ही शब्द एकाच अर्थाने लिहू नयेत.

अनेकवचनाची शंका आली की चांगल्या शब्दकोशात नामापुढे ते मोजता येतं की नाही याची खूण असते, ती पाहा. मुंगसासाठी ‘मंगूस’ लिहाल तेव्हा अनेकवचन ‘मंगूसेस’ करा, ‘मंगीस’ नव्हे. ‘गूस’चं ‘गीस’ होतं, पण त्या हंसवर्गी पक्ष्याशी याचा संबंध नाही. शब्द मराठीतूनच तिकडे गेला आहे.