बोर्डोआधी चुना तपासा

पावसाळा लागला की बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्याची, तयारी सुरू होते. मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं सल्फेट, सगळे पारखून घेतात, चुन्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. मिश्रण बिघडतं ते बहुधा चुन्यामुळेच.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. दमट हवेतली ओल आधी खड्याच्या पृष्ठभागाला धरते, वरचा थर विरतो आणि त्याचं हायड्रॉक्साइड होतं. या ओलसर थरात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की तयार होतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधी चुनखडी. कोरड्या हवेत हे फार सावकाश चालतं, खरा घात ओल करते. खडे फुगून तडकतात, आतला ताजा चुना उघडा पडतो आणि तोही जातो. 56 किलो कळीच्या चुन्याची पुरती चुनखडी झाली तर वजन 100 किलो भरतं. पोतं जड, जोर कमी!

1 टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. शिळा चुना तराजूवर किलोभर भरला तरी मोरचुदाची आम्लता मारायला पुरत नाही, आणि मोकळं राहिलेलं तांबं कोवळी पानं करपवतं.

म्हणून एक खडा घ्या, त्यावर थोडं पाणी शिंपडा. ताजा असेल तर सुरसुरतो, वाफ सोडतो, फुटून त्याचं पीठ होतं. मेलेला खडा नुसता भिजतो. भुकटीच असेल तर चिमूटभर पाण्यात कालवून व्हिनेगर घाला. फसफसली तर त्यात चुनखडी आहे. तयार मिश्रणात घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. तांबूस लेप चढला तर चुन्याचं गाळलेलं द्रावण थोडं वाढवा, पुन्हा पातं बुडवून पाहा. मिश्रण प्लास्टिकच्या पिंपात करा आणि त्याच दिवशी फवारा.

चुना भिजवताना तो पाण्यात थोडाथोडा सोडा, डोळ्यांवर चष्मा हवाच. साठवताना घट्ट झाकणाचं पिंप काठोकाठ भरा, जमिनीपासून उंच ठेवा. गळक्या छपराखालचं पोतं भिजून इतकं तापतं की शेजारचं गवत पेटू शकतं.

शिळा निघालेला चुना फेकू नका. माती परीक्षणात जमीन आम्लधर्मी आली असेल तर तिथे तो कामी येतो, फक्त कळीच्या चुन्यापेक्षा जास्त लागतो. चुनखडीच्या जमिनीत मात्र टाकू नका.