एका ओळीच्या वर्णनात गेलेले चार दिवस

एआय एजंटसाठी टूल, म्हणजे एजंटला गरज पडेल तेव्हा वापरता येणारं फंक्शन, लिहायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर कोड जमेल तुम्हाला. फंक्शन, जेसन स्कीमा (टूलला द्यायच्या माहितीचा, म्हणजे पॅरामीटरचा साचा), एमसीपी सर्व्हर (एजंटला टूल जोडून देणारा प्रोग्राम) यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे पुन्हा सांगत नाही. मला बोलायचंय ते टूल काय करतं हे मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, सांगणाऱ्या वर्णनाच्या त्या चौकटीबद्दल, जी आपण सगळ्यात शेवटी, घाईघाईत भरतो.

माझं पहिलं टूल नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या भावाचं होतं. काटोलकडच्या बागायतदाराने फोनवर विचारायचं आणि एजंटने त्या दिवसाचा भाव सांगायचा, एवढंच काम. वर्णनात मी लिहिलं, ‘संत्र्याचा भाव मिळवतं.’ कोड बरोबर, टेस्ट पास. चाचणीत एका काकांनी टनाचा भाव विचारला आणि एजंटने ठामपणे सांगितलं, ‘अडीच हजार रुपये टन.’ काका एकदम गप्प झाले. ती शांतता मला अजून आठवते. खरा भाव होता पंचवीस हजार.

चार दिवस मी चुकीच्या जागी शोधत होतो. आधी डेटाबेस तपासला, मग प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेल्या सूचना) बदलला, मग मॉडेलच बदललं. आकडा बरोबरच होता, फक्त तो क्विंटलचा होता. बाजार समितीच्या नोंदी क्विंटलमध्ये आणि संत्र्याचा सौदा बोलतात टनात. मी विदर्भातला, मला हे लहानपणापासून माहीत. माहीत होतं म्हणूनच लिहिलं नाही.

यावर मी मुद्दाम रेंगाळतोय. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. तुमच्या कॉमेंट्स दिसत नाहीत, टीमच्या ग्रुपवर झालेली चर्चा दिसत नाही. त्याच्यापुढे असतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा. टूल चालल्यावर जे परत येतं, तेही दिसतं. माझ्या टूलने ‘भाव: 2500’ एवढंच परत केलं. प्रश्नात टन होता, उत्तरात एकक नव्हतं, मॉडेलने दोन्ही जोडून टाकलं. दुसऱ्या गावाहून आलेल्या माणसानेही हेच केलं असतं.

आता तेच वर्णन असं आहे: ‘कळमना बाजारातला संत्र्याचा एका दिवसाचा भाव देतं. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, उदाहरणार्थ 2025-03-05. भाव रुपये प्रति क्विंटल. 1 टन म्हणजे 10 क्विंटल. नोंद नसेल तर रिकामी यादी येते, त्याचा अर्थ भाव शून्य असा नाही. पुढच्या दिवसांचा अंदाज किंवा गाडीभाडं यांसाठी हे टूल वापरू नका.’ परत येणाऱ्या फील्डचं नावही ‘भाव’ न ठेवता ‘भाव_रुपये_प्रति_क्विंटल’ केलं. एकक दोन्हीकडे हवंच, एका ठिकाणी लिहून भागवू नका. आणि बहार (संत्र्याचा हंगाम) हा पॅरामीटर मोकळा न सोडता ‘अंबिया’ आणि ‘मृग’ अशा दोनच ठरलेल्या पर्यायांत बांधला.

माझे एक सीनियर म्हणायचे, ‘अरे, मॉडेल हुशार आहे, घेईल समजून.’ असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही वर्षांचा अनुभवी असो. कोड चिकटवून एआयकडूनच वर्णन लिहून घेण्याचा शॉर्टकटही मला पटत नाही. कोडमध्ये जे आहे तेच ते नीट मांडतं. क्विंटल माझ्या कोडमध्ये नव्हताच. मला खरं शिकवलं आमच्या टेस्टिंगमधल्या एका ताईंनी. त्यांनी फक्त वर्णन आणि स्कीमा कागदावर छापून घेतला, काकांचा प्रश्न वाचला आणि पेन माझ्या हातात दिलं. ‘हा कागद सोडून काही आठवायचं नाही. आता सांग, हा भाव कशाचा?’ मला सांगता आलं नाही. तुम्हीही हे करून पाहा, पण पेन कोड न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि प्रत्येक टूलला दीड-दीड पान लिहिलं. तेही करू नका. सगळी वर्णनं सहसा दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात, टोकन (मॉडेल ज्या तुकड्यांत मजकूर मोजतं ते) खातात. क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यं लिहा असं म्हटलंय. माझ्या अनुभवात साध्या टूलला पाच-सहा पुरतात. ‘भाव शोधा’ आणि ‘भाव मिळवा’ अशी जुळी टूलं असतील तर वर्णन वाढवत बसू नका, एक काढून टाका.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरत असाल, तर नका घाबरू. नागपुरात बसून हे काम होतं, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. मी वर्णन आधी मराठीत लिहितो, फोनवर कुणाला सांगावं तसं, आणि मग इंग्रजी करतो. ते काका पुन्हा चाचणीला आले तेव्हा एजंटने क्विंटलचा भाव सांगितला, टनाचाही सांगितला. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, गाडीभाड्याचा. त्याचं टूल सध्या लिहितोय, आणि पहिल्याच वाक्यात भाडं फेरीचं की टनाचं, ते घातलंय.