लोकल चकाचक, सर्व्हरवर मात्र लोडएरर

परवा रेल्स (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) ॲप सर्व्हरवर डिप्लॉय करताना ॲसेट्स प्रीकंपाइलच्या (सीएसएस, जावास्क्रिप्ट आधीच तयार करून ठेवण्याच्या) स्टेपलाच आडवं पडलं, एरर काय तर आरस्पेकची (रूबीचं टेस्टिंग टूल) रेक टास्कवाली फाइल सापडत नाही, म्हणजे लोडएरर. (रेक हे रूबीतली ठरलेली कामं, म्हणजे टास्क, चालवायचं टूल.) म्हटलं ॲसेट्सचा आणि टेस्टचा संबंधच काय? अर्धा तास नोड आणि वेबपॅक या जावास्क्रिप्टच्या टूल्सनाच शिव्या घालत बसलो, ते बिचारे निर्दोष.

झालं असं होतं की रेकफाइलमध्ये (जिथे या टास्क लिहितात) वरतीच आरस्पेकचं रिक्वायर (फाइल लोड करायची ओळ) होतं, आणि प्रीकंपाइलसकट कुठलीही रेक टास्क चालवली की आधी अख्खी रेकफाइल लोड होते. जेमफाइलमध्ये (ॲपला लागणाऱ्या जेम्सची, म्हणजे लायब्ररींची यादी) आरस्पेक टेस्ट ग्रुपमध्ये, आमच्या सर्व्हरवर बंडलर (जेम्स इन्स्टॉल करणारं टूल) तो ग्रुप वगळूनच इन्स्टॉल करतो, मग सापडणार कुठून. लोकलला, म्हणजे माझ्या मशीनवर, सगळेच ग्रुप असतात म्हणून तिथे कळलंच नाही.

मग ते रिक्वायर आणि खालची टास्कची ओळ दोन्ही बिगिन-रेस्क्यूमध्ये (रूबीत एरर पकडायचा ब्लॉक) टाकलं, तरी फुटलं! कारण नुसता रेस्क्यू फक्त स्टँडर्डएरर (नेहमीच्या एरर्सचा गट) पकडतो, लोडएरर त्यात येतच नाही, त्याचं नाव स्पष्ट लिहावं लागतं. ते लिहिलं आणि गाडी सुटली. जेम टेस्ट ग्रुपमधून बाहेर काढायचा सल्ला एकाने दिला होता, पण प्रॉडक्शनवर आरस्पेक कशाला ठेवायचं उगाच. आता सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप तपासण्या चालवणारी सिस्टिम) टेस्ट ग्रुप वगळून एकदा प्रीकंपाइल चालवतो.